डावा हात वर धरलेली बाई

मुंबई, १४ नोव्हेंबर १९६१

तुळसा बाय,

पत्राचा मायना मास्तरांनी घोटून घेतला होता, पण चौथीबरोबर तोही सुटला. तेव्हा सरळ बोलायलाच लागतो. तुझं पत्र जुन्या पत्त्यावर पडून होतं. हॉटेल मी सोडलं. त्यानंतर एका वखारीत होतो, तीही सोडली. बाबांना हे सांगू नकोस. ते म्हणतील, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. आहेच. एका जागी बसलो की मला वाटतं दुसरीकडे काहीतरी चाललंय आणि ते माझ्यावाचून सरतंय.

आता जे काम आहे ते मात्र माझ्यासाठीच काढल्यासारखं आहे. मी सिनेमाची रिळं वाहतो. सांगतो कसं ते. जुना सिनेमा सकाळच्या खेळाला दोन थेटरांत लावतात, पण सिनेमा एकच. म्हणजे रिळांचा संच एकच. आमच्याकडे एक रीळ दाखवून झालं की ते उलटं गुंडाळायचं, डब्यात घालायचं, सायकलला बांधायचं आणि दुसऱ्या थेटरात पळवायचं. तिथे देऊन माघारी यायचं, तोवर पुढचं तयार. पंक्चर झालं तर तिकडे लोक खुर्च्या मोडतात. गेल्या आठवड्यात मोडल्या. शिव्या मी खाल्ल्या.

तू विचारतेस, दादा तू इतके सिनेमे बघतोस, तुझा सगळ्यात आवडता कुठला, वर्गात मुलींची पैज लागली आहे. मुलींना सांग, माझ्या दादाने एकही सिनेमा पुरता बघितलेला नाही. नायिका रुसते तेव्हा मी असतो, समजूत घालतात तेव्हा मी रस्त्यावर असतो.

पण आवडता आहे. इथे प्रत्येकाचा एक असतो, आणि कारण विचारलं तर सिनेमातलं कारण कोणीच सांगत नाही. आमच्या ऑपरेटरचा आवडता म्हणजे जो चालू असताना त्याला मुलगा झाल्याचा निरोप आला तो. गोष्ट विचारली तर म्हणतो, कुणाला आठवते! दाण्यावाल्याचा आवडता म्हणजे ज्याच्यापायी तो गावी भांडून पळून आला तो.

माझा एक दर्याचा सिनेमा आहे. साफ पडलेला. राजाची मुलगी बुडते, कोळ्याच्या घरी वाढते, पुढचं मला माहीत नाही. पण तुळसा, नीट वाच. त्यातला किनारा आपला आहे. वायरीचा. मागे किल्ला दिसतो. तू तीन महिन्यांची होतीस तेव्हा सिनेमावाले आले होते आणि गावातल्या बायकांना टोपल्या देऊन वाळूवरून चालवत होते, तो हा सिनेमा. आई गेली होती त्यात. मी नऊ वर्षांचा, तापाने घरात पडलेलो, पण ती संध्याकाळी आली ते आठवतं. लुगड्याला वाळू होती आणि ती एकटीच हसत होती.

परवा रीळ गुंडाळताना पट्टी दिव्यासमोर धरली. नखाएवढ्या चित्रांत बायका रांगेने येतायत. डोक्यावर टोपल्या. सगळ्यांचा उजवा हात टोपलीला. तिसरीचा डावा.

आई डावखुरी होती, तुला ठाऊक नसेल. गवताचा भारा असो की पाण्याची कळशी, डावाच हात वर. हौसाकाकी तिला 'डावरी' म्हणायची.

आपल्या घरात तिचा एक फोटो नाही. आणि इथे ती डब्यात बसून माझ्या सायकलवरून रोज गावभर फिरतेय.

तुझा,
सत्यवान


वायरी, २७ नोव्हेंबर १९६१

प्रिय दादास,

तुझं पत्र मी शाळेतून येताना वाटेत उघडलं आणि वाटेतच बसले. माझं दप्तर गाईने चाटलं.

कशी दिसते ते तू लिहिलंच नाहीस! हात लिहिलास, टोपली लिहिलीस, किल्ला लिहिलास. तोंड? नाक माझ्यासारखं आहे का? हौसाकाकी म्हणते माझं नाक आईचं. तुळसणीकडे दिवा लावताना नर्मदाआत्या म्हणते, नाक बापसाचं, उगीच मेलीच्या माथी मारू नकोस. दादा, मला कोणाशी तरी ताडून बघायचं आहे रे. लोक 'तुझी आवस, तुझी आवस' म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. देवीचा मुखवटा येतो. तो काही आई नव्हे.

हौसाकाकीला सांगितलं तर तिने सूपच खाली ठेवलं. म्हणाली, "होय गो! तुझी आवस माझ्या फुडे चलत होती. त्या मेल्यान आमका वाळूत येरझाऱ्या घालूक लावल्यान, पाय मोडान गेले. आणि टोपलेत मासे तरी खंय? वर चार बांगडे, खाली नारळाची सोडणां!" मग म्हणाली, मी पण असेन गो त्यात, सत्यवानाला विचार, मी दिसते का.

बाबांनाही सांगितलं. तू सांगू नको म्हणालास ते नोकरीचं, हे नाही. ते काजीच्या कुंपणाला काटे लावत होते. लावतच राहिले. मी दुसऱ्यांदा सांगितलं. म्हणाले, "गुरांका पाणी दाखवलंस? जा." रात्री जेवले नाहीत. आईचं नाव निघालं की त्यांचं असंच होतं, पण ताटावरून उठले नव्हते कधी.

दादा, थंडीत मालवणात बाबलीशेटचा तंबू येतो. तो सिनेमा त्यात आणता येणार नाही का? तू तिथे एवढ्या डब्यांच्या मधोमध राहतोस. एक डबा इकडे पाठवायला काय हरकत आहे?

तुझी,
तुळसा


मुंबई, ८ डिसेंबर १९६१

तुळसा,

एक डबा म्हणे! बारा डबे असतात, आणि ते माझ्या बापसाचे नाहीत. तोंडाचं विचारतेस, पण पट्टीवर तोंड म्हणजे मोहरीचा दाणा. ते पडद्यावरच दिसणार. आणि पडद्यावर मी ते बघितलेलं नाही. ह्यावर विश्वास ठेव. ते तिसऱ्या रिळात आहे. तिसरं पडद्यावर असतं तेव्हा मी दुसरं घेऊन रस्त्यात असतो. एकदा म्हटलं मरो, थांबतो, बघतो. ऑपरेटरने मानेला धरून बाहेर घातला. परवा तो सिनेमा उतरला.

मग मला झोप लागेना. उतरलेले सिनेमे कुठे जातात, ते शोधत गेलो. गोदामात देवगडकडचा धोंडू निघाला, त्याच्याकडे रिळांची देखभाल. म्हटलं, दर्याचा सिनेमा कुठेय? तो हसायलाच लागला. "मेल्या, त्या पिच्चराक कुत्रो तरी बघणारो आसा काय? शिमग्यानंतर बांगडीवालो येतलो नि घेवन जातलो."

बांगडीवाला म्हणजे काय, कळलं का? जुनी पट्टी धुऊन तिच्यातली चांदी काढून घेतात आणि उरतं त्याच्या बांगड्या करतात. लाल, हिरव्या. मी धोंडूच्या समोर उभा राहिलो आणि मला सुचेना. आई कुणाच्या तरी हातात वाजत फिरणार.

मग सुचलं. सगळं सांगितलं त्याला. हसायचा थांबला. म्हणाला, बाबलीशेटचा माणूस स्वस्तातले सिनेमे न्यायला इथेच येतो, त्याच्या गळ्यात हा घालू. सांगू, मालवणचा किल्ला आहे, गावच्या बायका आहेत, गाव लोटेल. फक्त यंदा गोव्याच्या बाजूला लष्कराच्या गाड्या फिरतायत, तंबू कधी हलेल ते सांगता येत नाही.

रोज जाऊन उभा राहतो. धोंडू म्हणतो, तू गोदामात नोकरीच धर. नको. डबे हलत नाहीत तिथे.

बाबा जेवले नाहीत ते वाचून मला राग आला. तेव्हाही असंच झालं होतं. ती हसत आली आणि हे बोलेनात. शेतकऱ्याच्या बायकोने मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तमाशा केला म्हणून असेल. पुढच्या भाताला ती तापाने गेली. मध्ये किती बोलले असतील ते दोघं, देव जाणे. बाबांना सिनेमाला न्यायचं नाही. आपण बघू.

सत्यवान


मुंबई, २५ जानेवारी १९६२

तुळसा,

घाईत लिहितो. जमलं! बाबलीशेटने घेतला. आज भाऊच्या धक्क्यावर मी स्वतः डबे आगबोटीवर चढवले. हमालाला हात लावू दिला नाही. भोंगा झाला तरी उतरेना, तेव्हा खलाशाने विचारलं, तिकीट आहे का रे? नव्हतं. उतरलो. तेव्हापासून पाय जमिनीवर टेकत नाहीत. रजा मागितली तर मालक म्हणतो, जा आणि येऊ नको.

नीट बघ. बुडालेल्या मुलीचं गाणं संपलं की किनारा येतो. बायका रांगेने. तिसरी. डावा हात वर. पापणी लववू नकोस, फार वेळ नाही ती. मग मला सगळं लिही. तोंडसुद्धा.

सत्यवान


वायरी, ६ फेब्रुवारी १९६२

प्रिय दादास,

जग बुडालं नाही.

इथे आठ ग्रह एका राशीत आले म्हणून सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले होते. नर्मदाआत्याने तर लोणच्याच्या बरण्या माडीवर नेल्या. आणि नेमका त्याच शनिवारी बाबलीशेटने दर्याचा सिनेमा लावला. कोण जाणार! पण हौसाकाकी म्हणाली, "जग बुडताच हा, तर बघान तरी बुडया." मग आम्ही निघालो.

तंबू तुझ्या लक्षात असेल. मधोमध पडदा, ओला करून ताणलेला. एका बाजूला पुरुष आणि मशीन, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. आमच्या बाजूने नावं उलटी येतात, ती कोणी वाचत नाही. गाणं सुरू झालं तशी मी हौसाकाकीचा हात धरला.

दादा, आली. पहिली, दुसरी, आणि तिसरी. डावा हात वर! उंच आहे रे. मला वाटलं होतं ठेंगणी असेल. चालताना मान जराशी कलते आणि हसते. दात दिसतात. माझ्यासारखाच पुढचा एक दात किंचित आडवा आहे! मी तोंडावर हात धरून आत आत हुंदके देत होते. तेवढ्यात हौसाकाकी किंचाळली, "अगो बाय, ती मी! मी इतकी बारीक होतंय?" आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. सुगंधामावशी म्हणाली, "बारीक खंय, तुझ्या आड दोन होडये लपले." त्या हसण्यात ती निघून गेली. पण मी बघितली. नाक तिचंच आहे माझं.

रात्रभर मी ती पुन्हा पुन्हा बघत होते. आता आई म्हटलं की ती येते. मुखवटा येत नाही.

आणि आता ऐक. घरी आले तर बाबा अंगणात पाय धूत होते. तेही आले होते! पुरुषांच्या बाजूला, न सांगता. मी म्हटलं, बाबा, बघितलात? ते म्हणाले, "ती नाय ती."

म्हटलं, काय?

"तिसरी. ती नाय ती. उजवो हात वर होतो तिचो."

दादा, मी ह्या डोळ्यांनी डावा बघितला. हौसाकाकीने बघितला, सुगंधामावशीने बघितला. बाबा खोटं बोलतायत. तेरा वर्षांनी सुद्धा तिला एवढं देववत नाही त्यांना. मी त्यांच्याशी बोलत नाही. दोन दिवस झाले. तू त्यांना पत्र लिही आणि चांगलं सुनव. येत्या बाजाराच्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या बाजाराला हा सिनेमा पुन्हा आहे, मी पुन्हा जाणार आहे.

तुझी,
तुळसा


मुंबई, १२ फेब्रुवारी १९६२

तुळसा,

तुझं पत्र वाचून बाबांना लिहायलाच बसलो होतो. चार ओळी लिहिल्या, त्या तुला सांगण्यासारख्या नाहीत. मग पत्र खिशात घालून कामावर गेलो आणि रागातच ऑपरेटरला म्हटलं, आमच्या बापसाला आता डावं उजवं कळेना.

त्याने सगळं विचारलं. मग म्हणाला, पट्टी तू कुठल्या अंगाने धरली होतीस? मला कळेना. त्याने एक तुकडा काढून दाखवला. पट्टीला एक अंग चकचकीत असतं, एक मंद. एका अंगाने बघितली तर चित्र सुलटं, दुसऱ्या अंगाने बघितली तर आरशातल्यासारखं. तुकड्यात पाटी होती दुकानाची. एका बाजूने वाचता आली, फिरवल्यावर अक्षरं उलटी. "गधेडा," म्हणाला, "डबे वाहिले, पण डब्यात काय असतं ते शिकला नाही."

मी उलटी धरली होती.

म्हटलं, पण माझ्या बहिणीने तंबूत बघितलं, पडद्यावर. त्याने विचारलं, बायका कुठे बसतात? आणि मी सांगता सांगता थांबलो. तुझंच वाक्य आहे तुळसा. आमच्या बाजूने नावं उलटी येतात. तुम्ही पडद्याच्या मागे बसता. तुम्हाला सगळा सिनेमा आरशात दिसतो. हातसुद्धा. बाकीच्या सगळ्या तुला डाव्याच हाताच्या दिसल्या असतील, पण तू तिसरीशिवाय कोणाकडे बघितलंच नसशील. मी पट्टीवर त्यांना उजव्या हाताच्या का बघितलं असं विचारशील, तर मला आता वाटतं मीही तिसरीशिवाय कोणाकडे बघितलं नव्हतं. बाकीच्यांचे हात मीच लावले.

बाबा सुलट्या बाजूला बसले होते. त्यांनी बरोबर बघितलं.

हे तुला लिहू नये असं ऑपरेटर म्हणाला. पोरीला आई मिळालीय, राहू दे, तुझं काय जातं? मी दोन दिवस लिहिलं नाही. सायकल घेऊन नुसता फिरलो, एकदा तर रीळ भलत्याच थेटराच्या दारात नेऊन उभा राहिलो. पण तू बाबांना खोटं ठरवून बसली आहेस. त्यांच्या ताटात तू वाढतेस, मी नाही.

ती कोण बाई आहे मला ठाऊक नाही. हसते छान, तू म्हणतेस. मला माफ कर म्हणायलाही जीभ रेटत नाही. पुन्हा बघायला जाऊ नकोस. मी तर कुठल्याच सिनेमाकडे बघत नाही आता, डबे उचलतो आणि खाली मान घालून जातो.

सत्यवान


वायरी, २७ फेब्रुवारी १९६२

प्रिय दादास,

मी गेले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी रागावले की ते चुलीत घालणार होते. वाटलं, सगळ्यांनी मिळून दिलीत आणि सगळ्यांनी मिळून काढून घेतलीत. आरशासमोर उभी राहिले, हात वर केला, बघितलं. मग पत्र घेऊन हौसाकाकीकडे गेले. म्हटलं, काकी, तू तर म्हणालीस आई तुझ्या फुडे चालत होती. ती बराच वेळ तांदूळच निवडत राहिली. म्हणाली, "खरां सांगू गो? माका तेव्हा कोणाकडे बघूक वेळ खंय? मी त्या क्यामेऱ्याकडे बघी होतंय. वाटला, फुडे आसतली. तुझी आवस रुक्मिणी नाय तर कोण आसतली?"

संध्याकाळी मी बाबांच्या पुढ्यात बसले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सगळं. पायाला भिंगरीवालं नाही, हे शेवटचं. ते ऐकत होते. "त्यांनी बरोबर बघितलं" इथे आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "बाजाराच्या दिवसा तयार रव."

बाजाराच्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला. तंबूशी आलो. मी बायकांच्या दाराकडे वळले तर त्यांनी माझा हात धरला आणि पुरुषांच्या दाराने आत नेलं. दादा, मी तेरा वर्षांची घोडी, सगळे पुरुष बघायला लागले. बाबलीशेटचा माणूस ओरडला, "ओ भिकाजी, चेडवाक हंय खंय हाडलास? बायकांची बाजू पलीकडे!" मागून कोणीतरी म्हणालं, उद्या सुनेलाही आणतील. मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. बाबा कधी चारचौघांत बोलतात का? पण बोलले.

"तिची आवस हंयसून सुलटी दिसता."

बाबलीशेटच्या माणसाने वाट दिली. आम्ही बसलो. नावं सुलटी आली. मी पहिल्यांदा सिनेमाचं नाव वाचलं.

गाणं संपत आलं तसे बाबा वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "चलतत त्यांच्याकडे बघू नको. डाव्या अंगाक होडी आसा. होडयेच्या बुडाकडे बघ."

बायका आल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ती हसरी गेली, मी बघितलं नाही. अगदी कडेला वाळूत ओढून ठेवलेली होडी आणि तिच्या सावलीत एक बाई बसली आहे. टोपली बाजूला पडलेली. आपल्याकडे पाठ. पदराआडून काहीतरी पांढरं हलतं. बाबा म्हणाले, "तो पाय तुझो."

नंतर राजवाडा आला आणि तलवारी आल्या. आम्ही उठून बाहेर आलो. बंदरावर बाबा नारळाच्या ओंडक्यावर बसले आणि त्यांनी मला जेवढं सांगितलं तेवढं लिहिते. जास्त काही त्यांनी सांगितलं नाही.

ते त्या दिवशी तिला घरी न्यायला आले होते. रागाने. माडांत उभे होते. सत्यवानाला ताप आहे आणि ही पोर घेऊन टोपल्या मिरवायला गेली म्हणून. बायका चालायला लागल्या आणि मी रडायला लागले. ती रांग सोडून होडीआड बसली आणि मला घेतलं. तो सिनेमावाला भोंग्यातून ओरडत होता, ए बाई, उठो, उठो. सूर्य बुडत होता, त्याचा सगळा खेळ बिघडत होता. तर ती तिथूनच म्हणाली, "चेडू पिता हा. तुमचो सिनेमा थांबांदेत वायंच." आणि उठली नाही. शेवटी सिनेमावाले कंटाळले आणि ती तिथे बसलेली असतानाच त्यांनी तो देखावा काढला.

"माका तेव्हा हसू इला," बाबा म्हणाले. "पण मी तिका दाखवलंय नाय. घरी जावन गप बसलंय. ती किती येळ वाट बघी होती, मी काय बोलतंय म्हणान."

मी विचारलं, बाबा, तुम्ही त्या दिवशीच मला का सांगितलं नाहीत? म्हणाले, "तू त्या बायेक बघान किती खूश होतंस. ती नाय इतक्या सांगलंय, तेच्या फुडचा तोंडातसून येय ना."

मग मी विचारलं जे मला विचारायचं होतं. म्हटलं, पण बाबा, तिचं तोंड दिसत नाही. एकदाही वळत नाही ती.

ते म्हणाले, "कशी वळात? तुझ्या तोंडाकडे बघता हा ती."

दादा, नाकाचं मी आता कोणालाच विचारत नाही.

तंबू उद्या उठतो. कुडाळ, मग वर जामसंड्याला, असं बाबलीशेट म्हणाला. जामसंड्यानंतर सगळे डबे मुंबईला परत.

तुझी,
तुळसा


जामसंडे, १५ मार्च १९६२

तुळसा,

पत्त्यावरून कळलंच असेल. नोकरी गेली असणार, विचारलं नाही. आगबोटीने देवगडला उतरलो, तिकीट काढलं होतं. तुझं पत्र मी वाचलं तेव्हा डबे हातात होते, ते तिथेच पायरीवर ठेवले. रोज तिसरं रीळ मी हातांनी गुंडाळलं ग. कडेला होडी आहे हे मला दिसत होतं. होडी म्हणून सोडून दिली.

काल बघितलं. पुरुषांच्या बाजूने. बसवत नव्हतं, मशीनजवळ उभा राहिलो. ती आली आणि गेली. मग बाबलीशेटला म्हटलं, आज डबे मी उचलतो, रिळं मी गुंडाळतो, पैसे देऊ नकोस, फक्त उद्या पुन्हा लाव. तो म्हणाला, उद्या दुसरा आहे. मी तरी म्हटलं, लाव. लावणार आहे. माणसं पंधरा येतील, त्याला मी काय करू.

तू लिहिलं नाहीस ते एक लिहितो. ती बसल्या बसल्या पाठीमागे हात नेऊन टोपली जवळ ओढते. कोणी पाय लावील म्हणून असेल. हात डावा आहे. मी सुलट्या बाजूला होतो, आणि पट्टीही नीट बघून घेतली, मंद अंग, चकचकीत अंग, सगळं.

आता घरी येण्याआधी एक विचारायचं आहे, आणि ते मी माझ्या मनाने करणार नाही. ह्यानंतर हा सिनेमा बांगडीवाल्याकडेच जातो. बाबलीशेट म्हणतो, परत पाठवण्याआधी तेवढा तुकडा कापून घे, मधे सांधून देऊ, त्या सिनेमात काय गेलं नि काय राहिलं कोण बघतोय. कात्री त्याच्याकडे आहे. मला काल रात्रीच कापायचा होता. हात थांबला.

कापला तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती सगळी आपल्याकडे येते, चार-पाच वाव लांब पट्टी. दिव्यासमोर धरून बघता येईल, कुठल्या अंगाने ते मी दाखवीन. पण पडद्यावर पुन्हा कोणाला दिसणार नाही. हौसाकाकी पण दिसणार नाही, ती आणि बाकीच्या सगळ्या त्याच तुकड्यात आहेत. त्यांनाही विचारायला हवं.

बाबांना विचार. ते जे म्हणतील ते. उत्तर बाबलीशेटच्या नावाने टाक, मी इथेच आहे. त्यांना एवढंच सांग, की तुकड्यात काही हलणार नाही. तुझा पाय हलणार नाही, बायका चालणार नाहीत. ती नुसती बसून राहील. पण ती तेव्हाही उठली नव्हतीच.

सत्यवान